हं धरायचं की वगळायचं

मी बोलायचं नाही, हा पहिला नियम होता. मुलाच्या मागे बसायचं, म्हणजे त्याला आपला चेहरा दिसत नाही, हा दुसरा. मानही डोलवायची नाही, कारण खिडकीच्या काचेत ती दिसू शकते, हा तिसरा. हे नियम समजावून सांगणारे सर माझ्या मुलीपेक्षा वयानं लहान होते. 'मॅडम, त्या खोलीत तुम्ही म्हणजे नुसतं घड्याळ, असं समजा,' असं ते फार गोड आवाजात म्हणाले. माझी सगळी नोकरी प्राथमिक शाळेत ओरडण्यात गेली. माझा आवाज भिंतीपलीकडच्या वर्गात जायचा आणि तिथली मुलंही गप्प बसायची. अशा बाईला गप्प बसण्याच्या कामावर नेमणारा हा पहिलाच मनुष्य मला भेटला.

काम तसं सरळ होतं. काही मुलांना हातानं लिहिता येत नाही. कुणाचे हात थरथरतात, कुणाची बोटं उघडत नाहीत. अशा मुलांना एका प्रकल्पातून टॅबलेट दिले होते. पडद्यावर मोठी अक्षरं असत आणि वर भोकं पाडलेली प्लास्टिकची पट्टी, म्हणजे बोट घसरून शेजारच्या अक्षरावर पडत नाही. एक-दोन अक्षरं दाबली की यंत्र खाली चार शब्द सुचवायचं, त्यातला एक निवडायचा, आणि निवडला की यंत्रातली बाई तो शब्द मोठ्यानं म्हणायची. त्या बाईचा आवाज रेल्वे स्टेशनवर सूचना देणाऱ्या बाईसारखा होता. माझ्याकडे कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतली काही मुलं होती. ठरावीक अंतरानं जायचं, मुलाला एक चित्र दाखवायचं, 'यावर लिही' म्हणायचं, घड्याळ लावायचं आणि मागे बसायचं. वेळ संपली की शब्द मोजायचे. शेवटच्या चाचणीत ज्याचा वेग ठरवलेल्या रेषेच्या वर गेला, त्याच्याकडे यंत्र कायमचं राहणार. नाही गेला, तर ते परत येणार आणि यादीतल्या पुढच्या मुलाला मिळणार. यंत्रं थोडी होती आणि मुलं पुष्कळ.

हे काम मी का घेतलं ते सांगते. आमचे हे गेले, त्यानंतर राजारामपुरीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी एकटीच उरले. खाली कोचिंग क्लास आहे, समोर दोन दवाखाने, दिवसभर गाड्यांचा कलकलाट. लोक म्हणतात, 'तुमच्याकडं काय, गजबजच गजबज.' पण ती गजबज मला उद्देशून नसते ना. घरात बोलायला कुणी नाही म्हणून मी बाहेर पडले, आणि काम मिळालं ते न बोलण्याचं. माझं नशीब असं विनोदी आहे.

ह्यांना माझ्या बोलण्यात काडीचाही रस नव्हता, हेही खरं. मी स्वयंपाकघरातून बोलायचे आणि ते बाहेर पेपरमागून 'हं' म्हणायचे. शाळेतलं राजकारण, भाजीवाल्याची लबाडी, माझ्या बहिणीच्या सुनेचा आगाऊपणा, सगळ्याला एकच हं. माझा भडका उडायचा. 'काय म्हणाले मी? सांगा बघू!' असं मी पोळपाट-लाटणं सोडून बाहेर येऊन दरडावायचे. ते शेवटचे दोन शब्द बरोबर सांगायचे. शेवटचे दोनच. उभा संसार मी त्या हं वर चिडत काढला.

ते गेल्यावर मी बोलायची थांबले असं झालं नाही. सवय जाते कुठे? भाजी निवडता निवडता मी बोलत राहिले, आणि जिथं थांबायचे तिथं थांबत राहिले. पुढे पुढे त्या थांबलेल्या जागी माझ्याच तोंडून हं निघायला लागलं. एकदा शेजारच्या वहिनी दारातून डोकावल्या आणि 'कोण आलंय व्हय?' म्हणाल्या. 'फोनवर होते,' मी सांगितलं. फोन चार्जिंगला लावून ठेवलेला आम्हा दोघींनाही दिसत होता. मुलगी बेंगळुरूहून रोज फोन करते, तीही हं म्हणते, पण ते दुसऱ्या पडद्याकडे बघत म्हटलेलं हं असतं. मला फरक कळतो. इतकी वर्षं पेपरामागचं हं ऐकलेलं आहे, त्यातले सगळे प्रकार मला पाठ आहेत.

तर माझ्याकडच्या मुलांतली कोडोलीची ती मुलगी. सातवीत होती. जन्मतःच तिच्या अंगाचं तिच्याशी जमलेलं नव्हतं. हात एकीकडे जायचे, मान दुसरीकडे. गळ्यातून आवाज यायचे, पण त्यांचे शब्द होत नसत, आणि जे काही होत ते फक्त तिच्या आईला कळत. डोळे मात्र असे की माझ्या वर्गात असती तर मी तिला पुढच्या बाकावर बसवलं असतं, नाहीतर तिनं मागे बसून उच्छाद मांडला असता. उजव्या हाताच्या मधल्या बोटाच्या पेरानं ती अक्षरं दाबायची. हात पट्टीवर नीट टेकवून द्यावा लागे, एकदा टेकला की काम चालू.

शाळेतल्या खेळाच्या सामानाच्या खोलीत आमची चाचणी व्हायची. लेझीम, दोरखंड, हवा गेलेले फुटबॉल, आणि मध्ये ती तिच्या चाकाच्या खुर्चीत. मी मागे. तिनं चांगलं लिहावं असं मला फार वाटायचं, आणि ती लिहायची नाही. जत्रेचं चित्र समोर असायचं. 'जत्रा,' यंत्रातली बाई म्हणायची. मग मुलगी थांबायची. मग मान वळवायला लागायची. आपल्यासाठी मान वळवणं म्हणजे काहीच नाही, तिच्यासाठी ते सगळ्या शरीराचं काम होतं. खांदा वर जायचा, हात पट्टीवरून निसटायचा, पाय ताणले जायचे, आणि एवढं करून ती माझ्याकडे बघायची. मी घड्याळ. मी दगडासारखी बसून राहायचे. मग ती हळूहळू परत वळायची, हात परत पट्टीवर आणायला धडपडायची, आणि बाई म्हणायची, 'माणसं.' की पुन्हा मान. वेळ संपेपर्यंत 'जत्रा माणसं पाळणा' एवढंच व्हायचं. आमच्या तक्त्यात एक रकाना होता, 'लक्ष विचलित होणे'. मी तिथं खुणा करत गेले, कारण नियमाप्रमाणे ते तसंच होतं.

बाकीच्या मुलांचे वेग वाढत होते आणि हिचा जागचा हलत नव्हता. शेवटची चाचणी जवळ आली. सर म्हणाले, 'मॅडम, कोडोलीचं यंत्र परत येणार असं धरून चालू या. मुरगूडला एक मुलगी वाट बघतेय.' मला वाईट वाटलं आणि रागही आला, म्हणजे नेहमीसारखंच. मुरगूडच्या मुलीची गरजही काही खोटी नव्हती.

घरी यंत्र वापरतात की कपाटात ठेवतात, हेही एकदा बघून यायचं असे. त्यासाठी मी एका दुपारी कोडोलीला त्यांच्या घरी गेले. एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागे रखडली आणि पोचायला उशीर झाला. शेतकरी जैन घर. सोप्यात मुलीची खुर्ची, मागे परसात आई भांडी घासत होती, पलीकडे गोठ्यात म्हशी. 'आलासा व्हय बाई? बसा की,' आई हात न थांबवता ओरडली. 'दिस मावळायच्या आत जेवूनच जायचं बघा. मागनं आमच्यात चूल पेटत न्हाय.' मी बसले. मुलगी माझ्याकडे बघून हसली आणि हात पट्टीवर टेकवून कामाला लागली. मला वाटलं, आता 'पाहुणे' लिहील आणि मान वळवील.

'आज,' यंत्रातली बाई म्हणाली.

'हं,' परसातून आई.

'गुरुजी.'

'हं.'

'गाडीवरून.'

'आगं बया! हं, मग?'

'पडले.'

'लागलं काय?'

'चिखलात.'

'हं.'

आणि असं ते चाललं, मी बघतच राहिले. मुलगी मान वळवत नव्हती. आईकडे बघतही नव्हती. भांड्यांच्या आवाजातून हं आलं की बोट पुढच्या अक्षरावर. गुरुजी पडले, त्यांचा डबा पडला, डब्यातली भाजी कुत्र्यानं खाल्ली, आणि गुरुजींनी नंतर वर्गात सगळ्यांवर राग काढला. यंत्र 'नाही' सुचवत होतं तिथं ही पठ्ठी एकेक अक्षर दाबून 'न्हाय' लिहीत होती आणि ती स्टेशनवाली बाई मोठ्या शिस्तीत 'न्हाय' म्हणत होती. मी मनातल्या मनात घड्याळ लावलं. रेषा ती केव्हाच मागे टाकून गेली होती.

मी परसात गेले. 'तुम्ही तिला हं म्हणता,' मी म्हणाले.

'मी? कवा?' आईनं राखेचा हात थांबवला.

'आत्ता. सारख्या.'

'छ्या! मला कुठं येळ हाय हं म्हणत बसायला? धारंची येळ झाली.' तेवढ्यात सोप्यातून यंत्रातली बाई काहीतरी म्हणाली आणि ही माझ्याकडे बघत, माझ्याशी बोलता बोलता, 'हं' म्हणाली. तिला ते ऐकूही आलं नाही.

लहानपणी आम्हाला गोष्ट सांगायच्या आधी 'हुंकार द्यायचा हं' असं बजावलेलं असायचं. हुंकार थांबला की सांगणारा थांबायचा, पोरगं झोपलं असं समजून पांघरूण घालायचा. कोडोलीच्या या घरात ते अजून चालू होतं, कुणालाही माहीत नसताना. आणि त्या मुलीसाठी लिहिणं म्हणजे सांगणंच होतं. लिहिणं वेगळं आणि सांगणं वेगळं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. हातानं कधी लिहिलंच नाही, तर एकटीनं कागदाकडे तोंड करून बसायची सवय लागणार कुठून? खेळाच्या खोलीत ती माझ्याकडे वळून बघायची, ते तिचं लक्ष उडालं म्हणून नव्हे. आपलं ऐकणारं माणूस जागं आहे की नाही ते ती बघत होती. आणि मागे मी, पांघरूण घातल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या ऑफिसात जाऊन धडाधडा बोलले. ऑफिस आमच्याच राजारामपुरीत, एका दातांच्या दवाखान्याच्या वर. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. ते भांडत नाहीत, हा त्यांचा सगळ्यात मोठा दोष. 'मग काय करू या? हं म्हणायला परवानगी देऊ या?' त्यांनी विचारलं.

'द्या की.'

'तुम्ही हं म्हणणार. दुसऱ्या जिल्ह्यातल्या बाई म्हणणार नाहीत. तिसरीकडचे सर हं च्या पुढे जाऊन शब्दच सुचवतील. मग वेग कशानं वाढला, यंत्रानं की माणसानं, हे कळणार कसं? आपण यंत्र मोजतोय, मॅडम.'

'मूल मोजतोय.'

'यंत्रानं मुलाचं किती भागतं, ते मोजतोय. माणूस जवळ नसताना.' मग ते म्हणाले, 'माणूस कायम जवळ असतोच असं नाही ना.'

मला सगळ्यात जास्त राग याचा आला की त्यांचं बरोबर होतं. माणूस कायम जवळ नसतो, हे मला सांगायला ऑफिसची गरज नव्हती. मी जिना उतरून घरी आले, चहा टाकला आणि सगळं भांडण पुन्हा एकदा गॅससमोर उभी राहून बोलून दाखवलं. यावेळी माझे मुद्दे जास्त चांगले होते. थांबले तिथं हं म्हणाले.

शेवटच्या चाचणीच्या आधी सूचना द्यायची मुभा असते. त्या मुभेचा मी वापर केला. मुलीच्या समोर उकिडवी बसले, गुडघे कुरकुरले, आणि तिला सांगितलं, 'आज मी मागे बसणार. बोलणार नाही. पण ऐकत असणार, सगळं. तू वळून बघू नकोस, वेळ जातो. चांगलं झालं तर यंत्र तुझ्याकडेच राहील.' आपण मुलांना काय काय सांगतो! ऐकणाऱ्याचा काही आवाज येणार नाही, तरी तो आहे असं समज आणि बोलत राहा. मी हे तिला सांगत होते आणि मला स्वतःला ते एक दिवससुद्धा जमलेलं नव्हतं.

चित्राऐवजी या वेळी 'मनात येईल ते' असा विषय होता. मी नियमाप्रमाणे चित्रणासाठी कॅमेरा लावला, घड्याळ लावलं आणि मागे जाऊन बसले.

'आमची,' यंत्रातली बाई म्हणाली. 'म्हस. काल. सुटली.'

मुलगी थांबली. तिचा खांदा जरासा वर आला. वळणार, असं मला वाटलं. पण खांदा खाली गेला. बोट पट्टीवरच राहिलं आणि दोन अक्षरांवर नेमकं पडलं.

'हं,' यंत्रातली बाई म्हणाली.

मला आधी कळलंच नाही. बाई पुढे म्हणाली, 'शाळंत. गेली.' मग थोडं थांबून, 'हं.' मग 'हेडमास्तर. खुर्चीवर. चढलं.' मग 'हं. मग.' स्टेशनवर गाडी उशिरा येणार म्हणून सांगावं तशा कोरड्या आवाजात ती बाई हं म्हणत होती, आणि माझ्यासमोर चाकाच्या खुर्चीत एक मुलगी स्वतःच सांगत होती आणि स्वतःच हुंकार देत होती. ती वळून बघत नव्हती. मी सांगितलं होतं ना, वळू नकोस म्हणून.

गोष्ट चांगली होती. म्हैस वर्गात शिरली, पोरांनी खिडक्यांवर चढून आरडाओरडा केला, आणि शेवटी मुलीची आई हातात पेंड घेऊन आली तेव्हा म्हैस अगदी शहाण्यासारखी बाहेर आली. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकली असती तर मी खो खो हसले असते. मी हसले नाही. तिथून उठून घरी पळून जावंसं वाटलं. आणि घरीच तर ते हं राहतं. मला आजवर वाटायचं, हे माझ्या वयाचं दुखणं आहे, माणूस गेल्यावर होतं. सातवीतल्या पोरीला ते मी बसल्या बसल्या लावून दिलं होतं, नियमात राहून.

वेळ संपली. तिनं तेव्हा मान वळवली. 'छान,' मी म्हणाले. वेळ संपल्यावर बोलायची परवानगी असते.

मोजणीला बसले आणि पेच उभा राहिला. एकूण शब्द यंत्र स्वतः मोजतं. पण बोट घसरून पडलेली अक्षरं, चुकून दोनदा दाबलेले शब्द, असं जे निरर्थक असेल ते परीक्षकानं हातानं वगळायचं असतं. हं धरले, तर मुलगी रेषेच्या वर जात होती. वगळले, तर खाली. मी दोन्ही तऱ्हांनी मोजून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा मोजलं. तेच.

सरांनी लॅपटॉप स्वतःकडे वळवला. 'हे हं काय आहे मध्ये मध्ये?'

'शब्द.'

'मॅडम, याला अर्थ काय?'

'काल मी तुमच्याशी फोनवर दहा मिनिटं बोलत होते. तुम्ही काय म्हणत होता?'

ते हसले. मग गंभीर झाले. 'मुरगूडच्या मुलीचं काय?' त्यांनी विचारलं. तिला मी पाहिलेलं होतं. तिचे हात हिच्याहून जास्त आखडलेले होते. मी एकीसाठी धरलं की दुसरीचं यंत्र लांबणीवर पडणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. पण म्हणून जो शब्द शब्द आहे तो नाही कसा म्हणायचा? सर म्हणाले, 'मोजणी तुमची आहे. धरायचे असतील तर धरा. पण कारण लिहा. वरून विचारणार.'

कारणासाठी दोन ओळींची जागा होती. मी आधी लोककथा, हुंकार, मौखिक परंपरा असं बरंच काही लिहिलं. ते वाचून मलाच जांभई आली. खोडलं. मग लिहिलं: 'बोलणाऱ्याला कुणीतरी ऐकत असल्याची खूण लागते. ती खूण देणारं कुणी नसेल, तर माणूस ते कामही स्वतःच करतं. मी करते.'

सरांनी वाचलं. 'शेवटचं वाक्य ठेवायचं का?' त्यांनी विचारलं.

'ठेवा,' मी म्हणाले.

यंत्र मुलीकडे राहिलं. मुरगूडच्या मुलीचं नाव अजून यादीत आहे, आणि सरांना भेटले की मी पहिलं तेच विचारते. विचारून काही होत नाही, पण टोचत राहतं.

निकाल फोनवर सांगता आला असता. मी एसटीनं गेले. आई परसात होती, म्हशीचं शेण उचलत होती. ऐकल्यावर तिनं कोपरानं डोळे पुसले आणि लगेच 'च्या टाकू काय?' म्हणाली. मग मी खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच त्या मुलीच्या समोर निवांत बसले. इतके दिवस मी तिची मान आणि वेण्या ओळखत होते. समोरून तिच्या हनुवटीवर एक छोटा खड्डा होता, हसली की तो खोल व्हायचा.

'बाई,' यंत्रातली बाई म्हणाली. 'तुमी. मागं. बसून. बोलत. का. न्हाय.'

'नियम होता,' मी म्हणाले. 'मी हं म्हटलं असतं तर ती मदत झाली असती.'

तिनं यावर विचार केला. असला नियम कुणालाही पटला नसता, असा तिचा चेहरा झाला. मग बोट पुन्हा हललं, एकेक अक्षर. यंत्रानं सुचवलेले शब्द ती घेत नव्हती.

'तुमच्या. घरात. हं. कोण. म्हणतंय.'

'आगं ए!' परसातून आईचा आवाज आला. 'असं इचारत्यात व्हय मोठ्या माणसास्नी!'

मला खोटं सांगता आलं असतं. माझी मुलगी फोन करते म्हणून सांगता आलं असतं, शेजारच्या वहिनींना सांगितलं तसं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या मागे बसून मी इतके दिवस हीच नजर चुकवली होती.

'कुणी नाही गं,' मी म्हणाले. 'मीच म्हणते.'

यंत्राकडे तिचं बोट गेलं नाही. तिनं हात पट्टीवरून काढूनच घेतला. मग मान सावरली, ओठ जुळवले, ते सुटले, पुन्हा जुळवले. खांदा वर गेला, पाय ताणले गेले. मला वाटलं हिला काही होतंय, मी उठायला निघाले. आणि तिच्या गळ्यातून, तिच्या स्वतःच्या, घोगऱ्या, आजवर मी कधी शब्द म्हणून न ऐकलेल्या आवाजात आलं:

'हं.'

आणि ती थांबली. पुढचं ऐकायला.

'आमचे हे होते ना,' मी सुरुवात केली, 'ते पेपर वाचायचे बघ. मी इकडं बोलतेय, आणि ते पेपरच्या मागे.'

'हं,' ती म्हणाली.